भाजी नाकारणाऱ्या मुलाला वाढताना

साधारण दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची प्रवृत्ती बहुतेक मुलांत दिसते. पहिल्या वाढदिवसानंतर वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही कमी होते. त्यातच कोबी, ब्रोकोलीसारख्या भाज्यांचा कडवटपणा काही मुलांना जन्मतःच अधिक जाणवतो. त्यामुळे तोंड फिरवणाऱ्या मुलाला लगेच हट्टी ठरवू नये.

ताटात काय वाढायचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे. हे सांगायला सोपे, पाळायला महाकठीण, कारण भाजी तशीच राहिलेली दिसली की आपला हात घास भरवायला आपोआप पुढे होतो.

आवडत्या पदार्थाशेजारी वाटाण्याचे दोन दाणे किंवा शिजवलेल्या गाजराचा नखाएवढा तुकडा ठेवावा, जास्त नको. मूल तो बोटाने दाबेल, हुंगेल, जिभेला लावून परत ताटात टाकेल. ही ओळखच होत असते, तेव्हा त्यावर राग नको आणि टाळ्याही नकोत. एखादी चव अंगवळणी पडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती चाखावी लागते, आणि पुष्कळ घरांत मात्र तिसऱ्या-चौथ्या नकारालाच 'याला हे आवडत नाही' असा शिक्का बसतो. भाजी तीच ठेवून रूप बदलून पाहावे: उकडलेला फ्लॉवर गिळगिळीत म्हणून थुंकणारे मूल कडा तांबूस होईपर्यंत भाजलेला फ्लॉवर खाऊ शकते, कारण भाजल्याने त्याला गोडवा आणि कुरकुरीतपणा येतो. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र कच्च्या गाजराचे कडक तुकडे देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात.

'भाजी संपव, मग गोड मिळेल' हा सौदा टाळावा. त्याने गोडाचाच भाव वाढतो. भाजी वाटून मिसळल्यास पोषण मिळते, पण ओळख होत नाही, म्हणून एखादा तुकडा दिसेल असाही असावा.

जेवणाआधी तासभर दूध आणि खाऊ बंद ठेवून, भूक कडाडली असताना भाजी आधी वाढावी. जागतिक आरोग्य संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान २५० ग्रॅम भाज्या व फळे सुचवते; हा आकडा दोन्ही मिळून आहे आणि त्याचा हिशेब रोज मांडण्यापेक्षा आठवड्याचा पाहावा. वजन घटत असेल, घास गिळताना वारंवार उलटीची उबळ येत असेल किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आखडत चालली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.