स्लो मोशन झटके खातंय? या चुका टाळा

अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि नेमके तेच तीन सेकंद नवरीच्या घरच्यांना 'सिनेमात असतं तसं' हवे होते. मी क्लिप निवडली, वेग ५० टक्के केला, तर नवरा-नवरी चावीच्या बाहुल्यांसारखी हलायला लागली. क्लिप सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे २५ चित्रांची, आणि टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगची पट्टी, तीही २५ ची. निम्म्या वेगात सेकंदाला साडेबाराच चित्रं उरतात. बाकीच्या जागा प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर तीच फ्रेम दुसऱ्यांदा दाखवून भरतं. बिचारं दुसरं काय करणार?

टक्के मनाला येतील तसे टाकणं

टाइमलाइनच्या फ्रेम रेटला (सेकंदाला किती फ्रेम) क्लिपच्या फ्रेम रेटने भागा, तेवढाच वेग ठेवा. २५ च्या टाइमलाइनवर ५० ची क्लिप ५० टक्के, १०० ची २५ टक्के, १२० ची २०.८३. जास्त फसगत होते ती ६० च्या क्लिपची. सवयीने आपण ५० टक्के टाकतो. मग सेकंदाला ३० फ्रेम येतात आणि जागा असते २५ ना. पाच गळतात, म्हणजे सेकंदाला पाच बारीक झटके. कॅमेरा एका संथ चालीने फिरत असेल तर ते लगेच डोळ्यांत खुपतात. तिथे ४१.६७ टाका. टक्केवारीची कटकट नको असेल तर प्रीमियरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज', रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स' उघडून क्लिपचा फ्रेम रेटच २५ करा. ती आपोआप संथ होते.

फोनवर ३०, ६०, १२० एवढेच पर्याय असतील तर सरळ ३० ची टाइमलाइन घ्या. रिझॉल्व्हमध्ये हे पहिली क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, नंतर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू देत नाही.

हॉलमध्ये १२० वर शूट करणं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, स्लो मोशनमध्ये मात्र अख्खा हॉल लुकलुकतो. १२० फ्रेमला शटर (कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा) फार तर १/१२० सेकंद उघडं राहू शकतं, म्हणजे दिव्याचं कमी-जास्त होण्याचं एक आवर्तनसुद्धा फ्रेममध्ये पुरतं मावत नाही. १०० फ्रेम आणि १/१०० शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर एक आवर्तन मिळतं आणि लुकलुक थांबते. ५० फ्रेमलाही १/१०० चालतं. 'शटर फ्रेम रेटच्या दुप्पट' हा नियम उन्हात पाळा, मांडवाच्या ट्यूबखाली विसरा.

ऑप्टिकल फ्लोवर सगळा भार टाकणं

दोन फ्रेमच्या मधली फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं, तो हा ऑप्टिकल फ्लो. एकटा माणूस, मागे मोकळी भिंत, असं असेल तर काम फक्कड होतं. पण एक गोष्ट दुसरीच्या पुढून गेली की मागचं काय दाखवायचं ते त्याला कळत नाही. ढोलावरचं टिपरू, बैलगाडीच्या चाकाचे आरे, उधळलेला गुलाल, या सगळ्यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. अक्षता तर सर्वांत वाईट. शेकडो एकसारखे दाणे, कुठला दाणा कुठे गेला हे ते ओळखणार कसं?

म्हणून ५० टक्क्यांच्या खाली शक्यतो जाऊ नका आणि क्लिप लहान ठेवा. फ्रेम बिघडते तिथेच कापा किंवा तेवढा भाग मूळ वेगाने जाऊ द्या. रिझॉल्व्हमध्ये 'मोशन एस्टिमेशन' एकदा 'एन्हान्स्ड बेटर'वर ठेवून बघा. 'स्पीड वॉर्प' त्याहून चांगलं, पण ते पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं.

"ऑप्टिकल फ्लो लावला, काहीच फरक नाही," असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, रेंडर केलं का, म्हणजे सॉफ्टवेअरला त्या फ्रेम तयार करू दिल्या का? प्रीमियरमध्ये रेंडर केल्याशिवाय तो दिसतच नाही. आणि 'वॉर्प स्टॅबिलायझर' (हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) व बदललेला वेग एकाच क्लिपवर चालत नाहीत; आधी क्लिप नेस्ट करा, म्हणजे वेगळ्या टाइमलाइनमध्ये गुंडाळून घ्या.

उरलेल्या दोन

फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, त्यामुळे हिशोब बरोबर असूनही झटके येतात. क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या. आणि २५ ची टाइमलाइन ३० च्या प्रीसेटवर (तयार सेटिंगवर) एक्सपोर्ट केली की सगळी मेहनत पाण्यात.

त्या लग्नाच्या क्लिपचं काय केलं? अक्षता मूळ वेगानेच पडू दिल्या. शेवटचा दाणा खाली गेल्यावर नवरी मान वर करून हसते, तेवढा दीड सेकंद ऑप्टिकल फ्लोने संथ केला. तिच्या चेहऱ्यासमोर तेव्हा काहीच नव्हतं.