प्राथमिक वर्गांतील मुलांचा गृहपाठ : पालकांनी मदत कशी आणि कुठवर करावी

गृहपाठाला मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे ठरवण्याआधी ती वही कशासाठी असते हे लक्षात घ्यावे लागते. वर्गात शिकवलेले मुलाला एकट्याने कितपत जमते, हे शिक्षकांना त्या वहीतून कळत असते. पालकांनी शेजारी बसून प्रत्येक चूक दुरुस्त करून घेतली, तर वही निर्दोष दिसते. पण मुलाला जे समजलेले नाही ते शिक्षकांपर्यंत पोहोचतच नाही आणि ते पुन्हा शिकवले जाण्याची संधी हुकते. म्हणून गृहपाठ मुलाने करावा आणि तो त्याला करता येईल अशी व्यवस्था पालकांनी लावावी, इतकी विभागणी सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी.

या व्यवस्थेत सर्वांत आधी येते ती वेळ. शाळेतून आल्याबरोबर दप्तर उघडायला लावू नये. काही खाणे आणि थोडे खेळणे झाल्यावर मूल अधिक शांतपणे बसते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, त्यामुळे अभ्यास रात्री रेंगाळेल अशीही वेळ नको. नेमकी वेळ मुलाला विचारून ठरवावी. ‘खेळायला जाण्याआधी की आल्यावर?’ एवढी निवड दिली, तरी स्वतः ठरवलेली वेळ मूल अधिक मनापासून पाळते. स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. पुरेसा उजेड असावा, टीव्ही बंद असावा आणि मोबाइल, पालकांचासुद्धा, दुसरीकडे ठेवलेला असावा.

किती वेळ बसवावे, यासाठी अमेरिकेत रूढ असलेला एक अंदाज उपयोगी पडतो : प्रत्येक इयत्तेमागे १० मिनिटे, म्हणजे पहिलीला १० आणि चौथीला ४०. याच देशातील हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गृहपाठावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. गृहपाठ आणि शालेय यश यांचा संबंध सातवी व त्यापुढील विद्यार्थ्यांत जितका ठळक दिसला, तितका लहान मुलांत दिसला नाही. लहान वयात गृहपाठातून कमवायची गोष्ट म्हणजे नियमितपणा आणि स्वतःवरचा विश्वास. त्यासाठी रोज रडारड होत असेल, तर तो सौदा तोट्याचाच आहे.

मूल अडले की पालकांची खरी कसोटी लागते. समजा, ५२ मधून २७ वजा करताना मुलाने ३५ हे उत्तर लिहिले. हा निष्काळजीपणा नव्हे. एककांच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ वजा केले. त्याच्यापाशी एक नियम आहे, फक्त तो चुकीचा आहे. अशा वेळी ‘चूक’ म्हणून खोडरबर पुढे करण्याऐवजी ‘हे तू कसे केलेस, मला सांग’ असे म्हणावे आणि मधे न बोलता ऐकावे. त्यानंतर ‘५२ मधून २० गेले तर किती उरतील?’ असे विचारावे. ३२ हे उत्तर आले की ‘त्यातून आणखी ७ काढायचे आहेत, मग ३५ कसे उरतील?’ या प्रश्नावर मूल स्वतःच थांबते. मग काड्यांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडाव्यात आणि एक जुडी त्याच्याच हाताने सोडवून घ्यावी. सुट्या काड्या बारा होतात, त्यांतून सात काढता येतात, आणि उरलेल्या चार जुड्यांतून दोन काढल्या की २५ समोर दिसतात. पुढचे उदाहरण मात्र त्याला एकट्याला सोडवू द्यावे आणि आपण जागेवरून उठावे. आपल्या वेळची रीत वेगळी असेल, तर ती शिकवण्याआधी शाळेतली पद्धत वहीत पाहून घ्यावी. एकाच वेळी दोन रीती शिकणारे मूल दोन्हींत गोंधळते.

पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती असेल, तर अधिक जपावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांकडे पाहिले गेले. गणिताची भीती असलेले पालक वारंवार गृहपाठ घ्यायचे, तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्याही मनात भीती वाढली. अशा घरी गणिताचा अभ्यास दुसऱ्या कोणी घ्यावा, किंवा निदान ‘मलाही हे कधी जमले नाही’ हे वाक्य मुलासमोर टाळावे.

मोठ्याने वाचताना मूल एखाद्या जोडाक्षरापाशी अडखळले, तर लगेच शब्द सांगू नये. काही क्षण थांबावे, मग फक्त पहिला उच्चार सुचवावा. शुद्धलेखनाचे शब्द दहा-दहा वेळा उतरवून काढण्यापेक्षा शब्द पाहावा, झाकावा, आठवून लिहावा आणि मग ताडून पाहावा. पाढ्यांनाही हेच लागू पडते : सलग घोकंपट्टी झाल्यावर ‘सात सक किती?’ असे क्रम मोडून विचारावे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केल्याने लक्षात अधिक काळ राहते, हे स्मरणशक्तीवरील अनेक प्रयोगांत दिसले आहे.

कौतुकाचे शब्दही निवडून वापरावेत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली; मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड प्रश्नांना अधिक चिकटून राहिली. म्हणून ‘तू पुन्हा वाचून पाहिलेस, म्हणून तुला सापडले’ असे नेमके बोलावे. प्रकल्पाच्या बाबतीत साहित्य आणून द्यावे, कात्री चालवताना लक्ष ठेवावे. वाकडे कापलेले चित्र तसेच शाळेत जाऊ द्यावे.

ठरलेला वेळ संपूनही काम उरले, तर वही मिटावी आणि ‘इतके स्वतः केले, यापुढे समजले नाही’ अशी ओळ वहीत लिहून खाली सही करावी. असे क्वचित घडणे स्वाभाविक आहे. मात्र कित्येक आठवडे रोजच दुप्पट वेळ लागत असेल, अक्षरे उलटसुलट होत असतील किंवा फळ्यावरचे उतरवून घेणे राहून जात असेल, तर रागावण्याआधी शिक्षकांना भेटावे, मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे आणि गरज वाटल्यास अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. या भेटीला जाताना खाडाखोड न केलेल्या, चुका जशाच्या तशा असलेल्या वह्या सोबत न्याव्यात.