वॉशिंग मशीन बंद असताना ड्रममध्ये पाणी येतंय? आधी प्लग काढून बघा

रात्री कपडे वाळत घालून मशीन रिकामं करून झोपलो आणि सकाळी झाकण उघडलं तर आत वीतभर पाणी, आमच्याकडे मे महिन्यात सलग तीन दिवस हेच झालं. मेकॅनिकने उभ्या उभ्या बघून पीसीबी (मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला म्हणून सांगितलं आणि खर्चाचा आकडा ऐकून मी म्हटलं थांबा, आधी मला बघू दे. शेवटी दोष निघाला इनलेट व्हॉल्व्हचा, म्हणजे नळाचं पाणी मशीनमध्ये सोडणाऱ्या आणि थांबवणाऱ्या झडपेचा, पीसीबीला काहीही झालेलं नव्हतं. म्हणून पीसीबीला हो म्हणायच्या आधी हे एवढं घरीच करून बघा.

पहिलं म्हणजे पाणी कसलं आहे ते बघा. स्वच्छ असेल तर ते नळाकडून आलंय. गढूळ, वास मारणारं, काळे कण तरंगणारं असेल तर ते ड्रेनच्या पाइपमधून उलटं आलंय, म्हणजे सिंकचं आणि मशीनचं पाणी एकाच लाइनला जात असेल आणि ती पुढे तुंबली असेल, तिथे प्लंबरच लागेल, मशीन उघडून काही उपयोग नाही.

स्वच्छ असेल तर आता खरी टेस्ट. पाणी काढून टाका, ड्रम जुन्या पंचाने कोरडा पुसा, प्लग सॉकेटमधून पूर्ण काढा (खाली फरशी ओली असेल तर आधी बोर्डवरचा एमसीबीचा स्विच पाडा, हात कोरडे ठेवा) आणि मशीनचा नळ मात्र चालूच ठेवा. अर्ध्या तासाने साबणाच्या कप्प्यात मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आमच्याकडे कप्प्याच्या कडेवरून दोऱ्यासारखी बारीक धार उतरत होती, आवाजसुद्धा नाही, रात्रभरात तेवढ्यानेच ड्रम भरायचा. लाइटच नसताना पाणी येतंय म्हणजे पीसीबीचा संबंधच नाही, व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये. प्लग काढल्यावर थांबतंय आणि प्लग लावला की मशीन बंद असूनही परत येतंय असं असेल तरच पीसीबीवर संशय घ्या.

व्हॉल्व्ह का मिटत नाही, तर आत एक रबराचा पडदा असतो आणि त्याला घट्ट दाबून ठेवायचं काम पाण्याचं प्रेशरच करतं. त्यात वाळूचा एक कण किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला की फट राहते. दुसरं, वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी अगदी डोक्यावर असते, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे प्रेशर मोजायचं एकक) प्रेशर मिळतं, म्हणजे टाकी 2-3 मीटरच वर असेल तर पाव बारच्या आसपास, आणि काही व्हॉल्व्ह तेवढ्यावर पूर्ण मिटतच नाहीत. नवीन मशीनलाही वरच्या मजल्यावर हे होत असेल तर व्हॉल्व्ह बदलायच्या आधी प्रेशर पंपाचं विचारा.

साफ करायचं तर नळ बंद, प्लग काढलेला, खाली बादली, मग मशीनच्या मागचा इनलेट पाइप हाताने फिरवून काढा. आत प्लॅस्टिकची छोटी जाळी दिसेल, ती पकडीने हळूच ओढा आणि लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. आमच्या जाळीला मधेच भोक पडलेलं होतं, टँकरच्या पाण्याची रेती तिथूनच आत गेली असणार. पाणी हळू येतं म्हणून कितीतरी जण ही जाळी काढूनच टाकतात, कृपा करून तसं करू नका, आज पाणी जोरात येईल पण सगळा कचरा थेट रबरावर जाऊन बसेल. जाळी साफ करूनही गळत असेल तर व्हॉल्व्हच बदला, मॉडेल नंबर दाखवून तसाच घ्या आणि वायर काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

बंद असताना काही होत नाही पण धुताना पाणी भरतच राहतं, ही केस वेगळी. टबाच्या खालून सेन्सरपर्यंत एक बारीक नळी जाते, तिच्यात कोंडलेल्या हवेच्या दाबावरून मशीनला पाणी किती झालं ते कळतं, ती नळी निसटली, चिरली किंवा साबणाच्या गाळाने बुजली की मशीनला टब रिकामाच वाटतो. पंपवाल्या मशीनचा ड्रेन पाइप खाली जमिनीवर सोडला असेल तरी इकडून भरतं आणि तिकडून वाहून जातं, तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर अडकवा. खालून ड्रेन होणाऱ्या टॉप लोडचं मात्र उलट, त्यांचा पाइप खालीच हवा.

फ्रंट लोडचं दार पाणी असताना उघडू नका, खालच्या फिल्टरजवळच्या बारीक नळीने आधी पाणी काढा. भरलेलं मशीन सरकवू पण नका, 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो वजन वाढलेलं असतं.

आणि नवीन व्हॉल्व्ह येईपर्यंत कपडे धुवून झाले की मशीनचा नळ हाताने बंद करत जा. आम्ही व्हॉल्व्ह बदलल्यावरही तेच करतो, गावाला जाताना तर नक्कीच.