पुढच्या शॉकअपमधून ऑईल गळतंय? या चुका टाळा

बाईकच्या पुढच्या शॉकअपमधून ऑईल गळायला लागलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: सील (ऑईल आत अडवणारी रबरी रिंग) गेलं, बदलून टाकू. नवं सील बसतं आणि थोड्याच दिवसांत शॉकअपच्या चकचकीत पाईपवर पुन्हा तेलाची कडी दिसते. मग दोष सीलच्या कंपनीला. माझ्या मते सोलापुरात निम्मी भानगड पाईपवर असते आणि तिकडे कुणी बघतच नाही.

आपल्याकडची काळी माती चिवट. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी घातली की चिखल चकचकीत पाईपवर बसतो आणि वाळून टणक होतो. पुढच्या खड्ड्यात शॉकअप दबला की तोच चिखल सीलच्या कडेखाली शिरतो. म्हणून चिखल ओला असतानाच ओल्या फडक्याने पाईप पुसा. वाळलेला खरवडू नका, आधी भिजवा. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा प्रेशर थेट डस्ट सीलवर (सीलच्या वरचं, धूळ अडवणारं रबर) मारू देऊ नका, पाण्यासोबत माती आत जाते.

गळती नुकती सुरू झाली असेल तर लगेच खोलायची घाई नको. डस्ट सील हलक्या हाताने वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी कापा, टोक गोल करा आणि सील व पाईप यांच्या फटीतून गोल फिरवा. बारीक कचरा बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळती थांबते. इथे स्क्रूड्रायव्हर घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक ओरखडा पडला की सील कायमचं कामातून गेलं.

तरीही गळत असेल तर सील बदलायच्या आधी पाईपवरून नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे तिथं गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे, आणि तो नवं सीलही फाडणार. बारीक खरखर असेल तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) जाते. खड्डा खोल असेल किंवा पाईप वाकला असेल तर पाईपच बदला.

सील दोन्ही बाजूंची एकदमच बदला. ऑईल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि दोन्ही नळ्यांत मापून तेवढंच. अंदाजाने ओतू नका, उरलेलं इंजिन ऑईल तर नकोच. ऑईल जास्त झालं तर आतली हवा जास्त दाबली जाते, शॉकअप कडक होतो आणि सीलवर ताण येतो.

डिस्क ब्रेकची गाडी असेल तर गळती अंगावर काढू नका. ऑईल ओघळून डिस्कवर गेलं की ऐन वेळी ब्रेक लागत नाही. डिस्क तर ब्रेक क्लीनरने साफ होते, पण तेल प्यायलेले पॅड घासून वापरू नका, नवेच टाका.

काम झाल्यावर गॅरेजमध्येच पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोरात दाबा आणि पाईपवर बोट फिरवा. बोटाला नुसता ओशटपणा जाणवला तर ठीक. तेलाची कडी किंवा थेंब दिसला तर गाडी तिथेच ठेवा आणि पुन्हा खोलायला सांगा.