नेलपेंटचे थर आणि स्टॅम्पिंग: या चुका टाळा

घरी केलेली नेल आर्ट बिघडते ती बहुतेक वेळा वेळेच्या गणितामुळे. थर देताना थांबावं लागतं आणि तिथे आपण घाई करतो. स्टॅम्पिंग, म्हणजे कोरीव प्लेटवरची नक्षी स्टॅम्पर नावाच्या मऊ सिलिकॉनच्या शिक्क्याने उचलून नखावर उमटवणं, काही सेकंदांत उरकावं लागतं आणि तिथे नेमके रेंगाळतो. हात थरथरतो, डिझाइन जमत नाही, असं वाटून अनेक जणी स्टॅम्पिंगचा नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण दोष हाताचा क्वचितच असतो.

आधी थरांचं बघू. साध्या नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेले की नखावर रंगाचा पापुद्रा उरतो. ते उडतात वरच्या बाजूने, त्यामुळे जाड थर वरून कोरडा लागतो आणि आत ओलाच असतो. रात्री नेलपेंट लावून झोपल्यावर सकाळी नखांवर पांघरुणाची नक्षी उमटलेली दिसते, ती याचमुळे. बुडबुडे येण्याचं मोठं कारणही हेच: वरची साय धरल्यावर खालचा द्रावक बाहेर पडायला वाट शोधतो.

म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. पहिला हात फिकट आणि पट्टेरी दिसला तरी त्याच जागी ब्रश पुन्हा पुन्हा फिरवू नका. अर्धवट वाळलेला रंग ओढला जाऊन गुठळ्या होतात. दोन हातांमध्ये किमान 2-3 मिनिटं जाऊ द्या, गडद रंगाला जास्त. जेली सँडविच करणार असाल, म्हणजे पारदर्शक जेली रंग, मध्ये ग्लिटर आणि वर पुन्हा जेली, तर थरांची संख्या आपोआप वाढते. तिथे ग्लिटरचा एकच विरळ थर घ्या. भरगच्च ग्लिटरवर जेली चढवली की नख जाडजूड दिसतं आणि रंगाच्या ज्या खोलपणासाठी हा खटाटोप केला, तोच हरवतो.

रंग दोन दिवसांत पोपडे धरून निघत असेल तर चूक बहुधा ब्रश हातात घेण्याआधीच झालेली असते. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच नेलपेंट लावू नका. नख पाणी शोषून किंचित फुगतं, वाळल्यावर मूळ आकारात येतं आणि वरच्या रंगाची पकड सुटते. क्रीम किंवा तेलाचा अंशही तेच करतो, म्हणून सुरुवातीला रिमूव्हरमध्ये जरासा भिजवलेला कापूस कोरड्या नखावरून फिरवा. बेस कोट, म्हणजे रंगाआधीचा पारदर्शक थर, टाळू नका; गडद लाल-निळ्या रंगांनी नखं पिवळी पडतात ती बहुधा तो न लावल्याने. आणि प्रत्येक थर नखाच्या पुढच्या कडेवरूनही न्या, कारण रंग निघायला सुरुवात तिथूनच होते.

बाटलीतली नेलपेंट घट्ट झाली की काही जणी तिच्यात रिमूव्हर ओततात. कृपया असं करू नका. त्याने रंग तेवढ्यापुरता पातळ होतो, पण नंतर दाणेदार होतो आणि नीट बसत नाही. नेलपेंटसाठी वेगळा थिनर मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

आता स्टॅम्पिंग. प्लेटवरची नक्षी स्टॅम्परवर उठतच नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. आधी प्लेट निरखून पाहा: नव्या प्लेटवर बऱ्याचदा पातळ, पारदर्शक किंवा निळसर संरक्षक फिल्म असते. ती काढायची राहून जाते आणि मग कितीही प्रयत्न केले तरी काही उमटत नाही. दुसरी शंका रंगाची. साधी नेलपेंट कोरीव रेषांमध्ये पुरेशी भरत नाही किंवा नखावर पुसट दिसते. गडद बेसवर, म्हणजे नखावरच्या गडद रंगावर, फिकट नक्षी हवी असेल तर दाट रंगद्रव्याची स्टॅम्पिंग पॉलिशच घ्या.

पंखा मात्र नक्की बंद करा. प्लेटवरचा रंग इतका पातळ असतो की वाऱ्याने क्षणात वाळतो, मग स्टॅम्परला चिकटायला काही उरत नाही. प्लेटवर रंग लावा, स्क्रॅपर (जादा रंग निपटून काढायची पट्टी) साधारण 45 अंशांत धरून एकदाच ओढा, स्टॅम्पर हलकेच टेकवून उचला आणि लगेच नखावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवा. स्क्रॅपर जोर लावून दोन-तीनदा ओढला तर रेषांमधला रंगही निघून जातो. स्टॅम्पर दाबला की नक्षी पसरते. इथे जोराचा काही उपयोग नाही, सगळी मदार वेगावर.

स्टॅम्पर साफ करायला ॲसिटोन (बऱ्याच रिमूव्हरमधला मुख्य द्रावक) वापरू नका. सिलिकॉनचा चिकटपणा कमी होतो आणि पारदर्शक स्टॅम्पर धुरकट होतो. चिकटपट्टी किंवा कपड्यांवरचे तंतू काढायचा रोलर पुरेसा आहे. ॲसिटोन प्लेटसाठी ठेवा, आणि तेही प्रत्येक नखानंतर. रेषांमध्ये वाळलेला रंग पुढची नक्षी तोडतो.

नक्षी सुरेख उमटली आणि टॉप कोटने, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराने, फराटा ओढला, हे दुःख मी पुष्कळदा सोसलं आहे. पुष्कळ दिवस मी दोष टॉप कोटच्या बाटलीला दिला. खरं कारण म्हणजे टॉप कोटमधले द्रावक खालची नक्षी पुन्हा विरघळवतात आणि ब्रश ती ओढून नेतो. नक्षी काही मिनिटं वाळू द्या. मग ब्रशवर टॉप कोटचा मोठा थेंब घ्या आणि केस नखाला टेकू न देता थेंबच पुढे सरकवत न्या. फटके तीनच: एक मध्ये, दोन कडांना. तरीही रंग पसरत असेल तर नक्षीवर आधी पाण्यावर आधारित टॉप कोटचा पातळ हात द्या.

बेसवरही स्टॅम्पिंगआधी एक टॉप कोट देऊन तो पूर्ण वाळू देणं मला फार उपयोगी वाटतं. नक्षी तिरकी बसली तर चिकटपट्टीने ती बऱ्याचदा अलगद उचलता येते आणि खालचा रंग शाबूत राहतो. बेस ओला असेल तर मात्र पट्टीबरोबर सगळंच निघून येईल.

ग्लिटरचे थर काढताना नख खरवडू नका, त्याचे पापुद्रे निघतात. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, 5-10 मिनिटांनी दाबून ओढा. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस-मेणबत्तीपासून लांब बसून करा. ॲसिटोन चटकन पेट घेतं.