थायरॉइडची लक्षणं ओळखताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत थायरॉइडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "वजन वाढलंय का?" गल्लत इथूनच सुरू होते. हाशिमोटो आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. त्यानं वजन वाढतं, पण साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातला बराचसा भाग अंगात साचलेल्या मीठ-पाण्याचा. पंधरा किलो वाढले असतील तर सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, रात्रींचाही हिशेब मांडा.

वजनापेक्षा एकत्र येणारी लक्षणं बघा: कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पाळीत जास्त रक्तस्राव, रात्री बोटांना मुंग्या. माळव्यात डिसेंबरात थंडी सगळ्यांनाच वाजते. एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करून शाल ओढणाऱ्या काकूंची मात्र तपासणी करून घ्या. पायाला सूज असेल तर नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृताकडे बघावं लागतं; थायरॉइड मंदावल्यानं आलेल्या सुजेत बहुधा खड्डा पडत नाही.

"टेन्शन आहे, दुसरं काही नाही"

ग्रेव्हज आजारात ग्रंथी उलट जोरात धावते. धडधड, हात थरथरणं, घाम, भूक असूनही वजन उतरणं. पंचेचाळिशीच्या बाईला हे झालं की पाळी जाण्याच्या नावावर खपतं, तरुणांना काळजीरोगाच्या गोळ्या मिळतात. डोळे नीट बघा. समोर बसवून बोट वरून खाली सावकाश न्या आणि नजर त्यामागे फिरवायला सांगा. वरची पापणी मागे रेंगाळून बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसली तर ग्रंथी जोरात असल्याची शंका घ्यावी. डोळे खरोखर पुढे आले असतील तर ग्रेव्हजकडे बोट जातं. धूम्रपानानं हा डोळ्यांचा त्रास बळावतो. म्हाताऱ्या माणसांत यातलं काहीच ठळक नसतं. नाडी अनियमित, वजन उतरलेलं, माणूस गप्प, एवढंच.

बाळंतपणानंतरच्या वर्षात सगळ्यात जास्त चुका होतात. आधी काही आठवडे ग्रंथी जोरात, मग मंद, आणि अनेकींमध्ये पुन्हा ठीक. थकवा जागरणाचा म्हणून सोडून देऊ नका, पण पहिल्या रिपोर्टवर जन्मभराची गोळीही लावून घेऊ नका.

रिपोर्ट वाचताना

टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन; ती मंदावली की हा वाढतो, जोरात धावली की उतरतो) नॉर्मल आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उलटलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल तर सहसा गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पुरतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना दाखवा. अँटी-टीपीओचा आकडा दर तीन महिन्यांनी मोजणं म्हणजे लॅबच्या खिशात भर. उपचार त्यावर ठरत नाहीत. टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-४ (ग्रंथीनं बनवलेला, रक्तात मोकळा असलेला हार्मोन) सह पुन्हा करा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, आणि नसलेला ग्रेव्हज कागदावर उभा राहतो.

गोळी घेऊनही आकडा हलत नाही? डोस वाढवण्याआधी सकाळ तपासा. थायरॉक्सिन (मंदावलेल्या थायरॉइडची गोळी) रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत; चहा-पोहे अर्ध्या ते एक तासानंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करा, त्याआधीचा आकडा फसवतो.

ग्रेव्हजसाठी कार्बिमाझोल (ग्रंथीचा जोर कमी करणारी गोळी) सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला तर सर्दी समजून काढा पीत बसू नका. पांढऱ्या पेशी एकाएकी घटलेल्या असू शकतात. गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून डॉक्टरांना गाठा.