ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पहिल्यांदा उभं राहणार असाल तर

वॉर्डात रुळलात की एखाद्या दिवशी डॉक्टर विचारतात, "उद्या ओटीत येतेस?" जरूर जा. फक्त उपाशीपोटी जाऊ नका. "पोट रिकामं असलं की मळमळत नाही," असं मला वरिष्ठांनीच सांगितलं होतं. साफ चूक. उपाशी राहायचं ते रुग्णानं. श्रावणी सोमवार धरत असाल तर दुसरा वार मागून घ्या. सकाळी भाजी-पाव खा, पाणी प्या.

मला गरगरलं ते रक्त बघून नव्हे. हर्नियाची शस्त्रक्रिया, रक्त फारसं नव्हतंच. मी गुडघे ताठ करून एकाच जागी उभी होते. असं उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं. मग नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. आधी जांभया येतात, मग थंड घाम, कानांत आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. जांभईलाच सावध व्हा. गुडघे सैल सोडा, टाचा उचला, पायाला पाय घालून मांड्या आवळा. तरी बरं वाटेना तर मागं सरा आणि भिंतीला टेकून सरळ खाली बसा. कुणाला विचारत थांबू नका! निर्जंतुक कापडांवर कोसळलात तर धोका रुग्णाला. खाली बसलात तर कुणाचंच बिघडत नाही. मीही बसले, थोड्या वेळानं सावरले. एमबीबीएसच्या मुलांनाही हे होतं. तेवढ्यावरून 'आपल्याला झेपणार नाही' असं ठरवू नका.

यूट्यूबवर शस्त्रक्रिया बघून तयारी होते, हे मला पटत नाही. कॉटरीचा, म्हणजे रक्त थांबवायला डाग देणाऱ्या विजेच्या उपकरणाचा, जळका वास तिथं येत नाही, आणि मास्कमधून नाकात जातो तो तोच.

आत गेल्यावर सर्जनच्या आधी सिस्टरला भेटा. कुठं उभं राहायचं ते तिच्याइतकं नीट कुणी सांगत नाही. निर्जंतुक कापडांपासून निदान ३० सेंटिमीटर लांब राहा, हात पुढ्यात जुळवून ठेवा, दोन निर्जंतुक टेबलांच्या मधून जाऊ नका. कुठं धक्का लागलाच तर त्याच क्षणी सांगा. लपवलंत तर भोगणार रुग्ण.

आणि गोवा केवढासा! बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, टेबलावर झोपलेला माणूस पेडण्याच्या तुमच्या मावशीचा शेजारी निघू शकतो. ओळखीचा दिसला तर सिस्टरला सांगून बाहेर या. फोन बाहेरच ठेवा. नाव, आजार, काय काढलं, यातलं अक्षरही घरी जेवताना निघता कामा नये.

चष्मा असेल तर मास्कची वरची पट्टी नाकावर घट्ट दाबून घ्या, नाहीतर काचांवर वाफ धरते. काम लांबलं तर स्टूल मागा, देतात.